कन्सोल घ्यावा की पीसी? आधी घरातला टीव्ही कोणाचा ते ठरवा

“अरे, ते प्लेस्टेशन टीव्हीलाच लावावं लागतं म्हणे. मग आईंच्या मालिकांचं काय?”

कराडहून ताईचा फोन. आई म्हणजे तिच्या सासूबाई. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे डायरेक्ट सेकंड इयरला पुण्यात जायचं म्हणतोय, आणि त्याला गेमिंगसाठी ‘काहीतरी चांगलं’ हवंय. काय हवंय ते त्यालाही धड माहीत नाही. सोमवारी प्लेस्टेशन, बुधवारी गेमिंग पीसी, रविवारी कुणाच्या तरी दादाचा जुना लॅपटॉप. दाजींनी साठ-पासष्ट हजारांचा आकडा सांगून हात वर केलेत. निर्णय मामाने द्यायचा.

हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत शिजतोय, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे ‘जीटीए’ या गाजलेल्या गेमचा सहावा भाग. रॉकस्टार कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची तारीख जाहीर केली, १९ नोव्हेंबर २०२६. त्या घोषणेत सोनीचा प्लेस्टेशन ५ आहे, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस आहेत, पीसीचं नाव नाही. दुसरं कारण म्हणजे २०२५ च्या अखेरीपासून रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी, इतकी महागली, की पीसी जोडायला निघालेले लोक अर्ध्या रस्त्यातून परत फिरतायत.

## कन्सोल म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच

गेमिंग पीसी म्हणजे आपला नेहमीचा कॉम्प्युटर, फक्त त्यात गेमची चित्रं भराभर काढणारा एक वेगळा भाग बसवलेला असतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. गेमिंग पीसीच्या बिलातला बहुधा सगळ्यात जड आकडा याच कार्डाचा असतो.

कन्सोल म्हणजेही कॉम्प्युटरच. प्लेस्टेशन ५ च्या पोटात एएमडी कंपनीचा आठ कोअरचा प्रोसेसर आहे, त्याच कंपनीची ग्राफिक्स चिप आहे, १६ जीबी मेमरी आहे, आणि गेम साठवायला एसएसडी आहे, मूळ मॉडेलात ८२५ जीबीची. पीसीत जे सापडतं त्याच घराण्यातलं सगळं. फरक एवढाच, की डबा बंद आहे. आत काय असावं, वर काय चालावं आणि गेम कुठल्या दुकानातून घ्यावा, हे सगळं सोनीने आधीच ठरवून टाकलंय. तुम्ही टीव्हीला वायर लावायची, सोफ्यावर बसायचं आणि खेळायचं.

## मग तोच ऐवज इतका स्वस्त कसा?

प्लेस्टेशन ५ चं स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलं, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० आणि डिस्क नसलेल्या ‘डिजिटल’ची ४४,९९० रुपये होती. त्या पैशात त्याच्या तोडीचा नवा पीसी तेव्हाही जुळत नव्हता, आता तर नावच नको.

घरातला प्रिंटर आठवा. प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि शाईच्या कार्ट्रिजला जीव जातो. कन्सोलचंही तेच आहे. यंत्र जवळजवळ नफ्याविना विकायचं आणि नंतर गेमच्या प्रत्येक विक्रीतून वाटा घ्यायचा. हा वाटा साधारण ३० टक्के असतो. २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी विरुद्ध ॲपल हा खटला कॅलिफोर्नियात चालला होता, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सरळ सांगून टाकलं, की एक्सबॉक्सचं यंत्र विकून कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

ही शाई आपल्याला कुठे कुठे लागते? नव्या गेमच्या किमतीत. प्लेस्टेशन ५ आला तेव्हा सोनीच्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये होती. शिवाय विकत घेतलेला गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर ‘प्लेस्टेशन प्लस’ची वर्गणी वेगळी. फुकट मिळणाऱ्या गेमना ती लागत नाही, बाकीच्यांना लागते. पीसीवर इंटरनेटचं बिल भरलं की झालं, ऑनलाइन खेळायचे वेगळे पैसे सहसा कुणी मागत नाही.

पीसीवरचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. तेही तेवढाच वाटा घेतं, पण ते एकटं नाही. एपिकचं दुकान २०१८ पासून आहे आणि ते ठरावीक दिवसांनी एखादा गेम चक्क फुकट वाटतं. शेजारी दुसरं दुकान असलं की पहिल्याचा भाव आपोआप जमिनीवर राहतो, हे मंडईत जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. स्टीमवर उन्हाळी आणि हिवाळी सेल लागतात, वर्ष-दोन वर्षं जुने गेम निम्म्याहून कमी किमतीत जातात. कन्सोलवरही सेल असतात, नाही असं नाही. पण डिजिटल मॉडेल घेतलंत तर दुकान एकच.

ताईला मी हिशेब असा मांडून दाखवला. समजा पाच वर्षांत वीस गेम घेतले. कन्सोलवर सरासरी साडेतीन हजार धरले तर सत्तर हजार झाले. पीसीवर सेलची वाट बघून दीड हजार धरले तर तीस हजार. म्हणजे सुरुवातीला यंत्रावर जे वाचवलं, त्यातले चाळीस हजार हळूहळू परत गेले. आता उलटं धरा. पोरगा वर्षाला एकच फुटबॉलचा गेम घेतो आणि तोच वर्षभर कुटतो. मग पाच वर्षांत पाचच गेम. तिथे कन्सोल हसत हसत जिंकतो.

## तीन शिट्ट्यांचा कुकर

“पण पीसी जास्त ताकदवान असतो ना?” हा भाच्याचा पहिला मुद्दा. असू शकतो. पण ताकद आणि काम यांत फरक आहे.

आईने डाळीची कृती सांगितली, “तीन शिट्ट्या कर.” तिच्या कुकरला त्या बरोबर असतात. तुमच्या कुकरची रिंग सैल, शेगडी बारीक, डाळ वेगळी. तिथे पाच लागतील किंवा दोनातच गाळ होईल. कन्सोलसाठी गेम बनवणाऱ्याला माहीत असतं, की जगातल्या प्रत्येक घरात हाच कुकर आहे. तो तीन म्हणजे तीनच शिट्ट्या लिहून मोकळा होतो. पीसीवाल्यांचे कुकर लाखो तऱ्हेचे. म्हणून पीसीवरच्या गेममध्ये सेटिंगची भलीमोठी यादी असते: सावल्या किती, पाणी किती खरं, गवत किती दाट. शिट्ट्या तुम्हीच मोजायच्या.

काहींना यातच मजा येते. माझा एक मित्र गेम विकत घेतो, दोन तास सेटिंग बदलत बसतो, आकडे बघून खूश होतो आणि गेम बंद करून झोपतो.

इथे एक शब्द समजून घेऊ: एफपीएस, म्हणजे यंत्र एका सेकंदात किती चित्रं काढतं तो आकडा. सिनेमा २४ चित्रांवर चालतो आणि आपल्याला काही खटकत नाही. मग गेमला ६० कशाला? कारण सिनेमात तुमचा हात नसतो. गेममध्ये बटण दाबलं की त्याचा परिणाम लवकरात लवकर पुढच्या चित्रात दिसतो. सेकंदाला ३० चित्रं असतील तर एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० असतील तर जेमतेम १७. बॅट फिरवली आणि चेंडू क्षणभर उशिरा लागला, तसं ३० वर वाटतं. कन्सोलवरचे बरेच मोठे गेम आता दोन पर्याय देतात, सुंदर चित्र आणि ३० किंवा जरा साधं चित्र आणि ६०. डोळे झाकून दुसरा घ्या. पीसीवर पैसे ओतले तर १२०, १४४, त्याही पुढे जाता येतं; मात्र मॉनिटरही तसा घ्यावा लागतो, हे दुकानात शेवटी सांगतात.

## लॅमिंग्टन रोडवरचा कागद

गेल्या महिन्यात मी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणी तसं म्हणत नाही. काउंटरवरच्या पोराने पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर भराभर ओळी लिहिल्या: प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. प्रत्येकासमोर आकडा. ‘रॅम १६ जीबी’ लिहून पुढची जागा मात्र कोरी सोडली. विचारलं तर म्हणाला, “सर, याचा भाव घ्यायच्या दिवशी सकाळी फोन करून विचारा. सोन्यासारखं झालंय.”

असं का झालं? जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पोत्याने लागते आणि ती घेणारे पैसेही तसेच मोजतात. कारखाने तेवढेच, मग त्यांचा माल तिकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सगळा ऊस कारखान्याने उचलल्यावर गुऱ्हाळाला जे दर मोजावे लागतात, ते आपण मोजतोय.

कागदावरची बेरीज रॅम सोडूनच सत्तरीच्या पुढे गेली होती. मॉनिटर, कीबोर्ड, माउस त्यात नव्हते.

त्याच कागदावर मी एका ओळीवर बोट ठेवून भाच्याला फोटो पाठवला: एसएमपीएस. भिंतीतली वीज आतल्या भागांना झेपेल अशी करून देणारा हा पत्र्याचा डबा. गेममध्ये त्याने काही वाढत नाही, म्हणून सगळे पैसे इथेच वाचवतात. मीही वाचवले होते. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने वर ‘५०० वॅट’ असं झोकात छापलेला एक बेनाव डबा बसवून दिला. मे महिन्यातली संध्याकाळ होती, दोन तास गेलेली लाइट आली, टेबलाखाली ‘फट्’ झालं आणि खोलीभर जळक्या चिकटपट्टीचा वास. डबा गेला तो गेला, जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, “व्होल्टेजचा प्रॉब्लेम, त्याची वॉरंटी नसते.” तेव्हापासून नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस आणि यूपीएस याशिवाय पीसी नाही, हा कानाला खडा. विजेचा खेळखंडोबा कन्सोललाही झेपत नाही, तेव्हा तिथेही चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावाच.

विजेच्या बिलाची भीती मात्र थोडी फाजील आहे. प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालू असताना साधारण २०० वॅट खातो. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला अठरा युनिट. तगडं कार्ड असलेला पीसी याच्या दुप्पट घेऊ शकतो, पण एसीशी तुलना केली तर दोन्ही गरीबच.

## “पीसीवर अभ्यासही होतो की!”

आई-वडिलांना पटवायला पोरं हे वाक्य वापरतात. वाक्य खोटं नाही. कोडिंग, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग, प्रोजेक्ट रिपोर्ट, यातलं काहीही कन्सोलवर होत नाही. घरात कॉम्प्युटर नसेल आणि पोरगं इंजिनिअरिंगला जाणार असेल, तर नुसत्या खेळण्याच्या डब्यावर पन्नास हजार घालवणं मला अवघड वाटतं.

पण मग पुढचा प्रश्न येतो: हॉस्टेलवर काय नेणार? टॉवर, म्हणजे टेबलावरच्या पीसीचा डबा, पुण्याला नेता येतो, पण दर सुट्टीला शिवशाहीच्या डिकीत घालून आणता येत नाही. म्हणून गेमिंग लॅपटॉप. आणि इथे एक सापळा आहे.

लॅपटॉपवर स्टिकर असतो, समजा ‘आरटीएक्स ४०७०’. त्याच नावाचं कार्ड टेबलावरच्या पीसीसाठीही मिळतं. नाव एक, माल वेगळा. टेबलावरच्या कार्डात १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपमधल्यात ८. शिवाय लॅपटॉपमध्ये त्या चिपला किती वीज द्यायची हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. ‘आरटीएक्स ४०६०’ लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवलेला असू शकतो. म्हणजे एकाच नावाचे दोन पैलवान, एकाला रोज दूध-बदाम आणि दुसऱ्याला नुसता चहा. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: “याचं ग्राफिक्स कार्ड किती वॅटचं आहे?” सेल्समन गोंधळला तर त्याला बॉक्सवरचं किंवा कंपनीच्या साइटवरचं दाखवायला लावा. आणि लॅपटॉप चार्जर काढून गेमिंगला चालत नाही. चालतो, पण रडत चालतो.

## “मला हवा तो गेम तिथे मिळेल का?”

खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा होता.

सोनीचे स्वतःचे बहुतेक मोठे गेम आधी प्लेस्टेशनवर येतात, पीसीवाल्यांनी थांबायचं. २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ पीसीवर जानेवारी २०२२ मध्ये पोचला. रॉकस्टारची सवयही तशीच: ‘जीटीए ५’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ ला एक वर्ष लागलं. तेव्हा सहावा जीटीए पहिल्याच दिवशी खेळायचा असेल तर जाहीर झालेल्या माहितीनुसार कन्सोलला पर्याय नाही.

एक्सबॉक्सचं वेगळं आहे. मायक्रोसॉफ्ट आपले गेम पीसीवर त्याच दिवशी आणतं, त्यामुळे बरा पीसी असणाऱ्याला एक्सबॉक्सची वेगळी गरज उरत नाही. तिसरी कन्सोल कंपनी निन्टेन्डो, ती भारतात अधिकृतपणे विकतच नाही. जे मिळतं ते बाहेरून आणलेलं, वॉरंटी रामभरोसे.

आता दुसरी बाजू. ‘काउंटर-स्ट्राइक २’ फक्त पीसीवर, आणि फुकट. ‘डोटा २’ तसाच. ‘व्हॅलोरंट’ हा नेमबाजीचा गेम २०२० मध्ये पीसीवर आला, २०२४ मध्ये कन्सोलवरही. पण कन्सोलवाले पीसीवाल्यांबरोबर खेळू शकत नाहीत. नेम धरायला माउस जितका चपळ, तितका कन्सोलचा कंट्रोलर नाही, म्हणून दोन आखाडे वेगळे ठेवलेत. तुमच्या पोराचे सगळे मित्र पीसीवर असतील आणि तुम्ही कन्सोल आणून दिलात, तर ते कौतुकाने आणलेलं खेळणं महिन्याभरात टीव्हीखाली धूळ खाईल. उलट फुटबॉल, मारामारीचे गेम, चौघांनी एका सोफ्यावर बसून खेळायचं काहीही, याला कन्सोलसारखी मजा नाही.

जाता जाता: पुण्यात बनलेला ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला तो कन्सोलवर आणि पीसीवर, दोन्हीकडे. आपल्या पुराणकथांचं वातावरण त्यात आहे. छोटा आहे, साध्या यंत्रावरही चालतो.

## “डिस्क घ्यावी की डाउनलोड?”

कन्सोल घेणार असाल तर माझं मत डिस्कवाल्याकडे झुकतं. गेम संपला की डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. मुंबई-पुण्यात जुन्या डिस्कचा व्यवहार जोरात चालतो. डाउनलोड केलेला गेम तुमच्या खात्याला चिकटलेला असतो, तो कुणाला देता येत नाही. खरं म्हणजे तो तुमचाही नसतो; तुम्ही वापरायचा परवाना घेतलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमवर पैसे भरताना तसं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. पीसीवर हा प्रश्न सुटलेलाच, तिथे डिस्क राहिल्याच नाहीत. त्या बदल्यात स्टीम एक सोय देतं: चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत.

डिस्क घेतली म्हणजे इंटरनेट लागत नाही, असं मात्र समजू नका. अपडेट उतरवावेच लागतात. मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात. घरी फायबर नसेल आणि मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर भिस्त असेल, तर एक गेम उतरायला पन्नास दिवस. गावाकडच्या घरासाठी हा मुद्दा ग्राफिक्स कार्डापेक्षा मोठा आहे.

## “थांबलो तर स्वस्त होईल ना?”

पूर्वी व्हायचं. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरला. थोडं थांबा, हा सल्ला तेव्हा सोन्यासारखा होता. आता गणित उलटलंय. प्लेस्टेशन ५ ची किंमत भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच हजारांनी वाढली, अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नास डॉलरनी. त्यातही मेमरीच असते, त्यामुळे रॅमच्या महागाईची झळ कन्सोलला लागणार नाही असं धरून चालू नका. गरज नसेल तर थांबा. स्वस्त होईल म्हणून थांबू नका.

कन्सोल लवकर जुना होतो हीदेखील भीती नको. प्लेस्टेशन ४ नंतर ५ यायला सात वर्षं गेली आणि त्यानंतरही ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ २०२२ मध्ये जुन्या ४ वर आलाच. पीसी हवा तेव्हा वाढवता येतो हे खरं, पण पाचव्या वर्षी नवं कार्ड घ्यायला गेलं की एसएमपीएस पुरत नाही, प्रोसेसर मागे पडलेला असतो, तो बदलावा तर मदरबोर्ड बदलावा लागतो. शेवटी जुनं म्हणून कॅबिनेट तेवढं राहतं.

## “गेमिंगवर बंदी आली ना?”

दाजींचा प्रश्न. ऑगस्ट २०२५ चा केंद्राचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे, म्हणजे पैसे टाका आणि जिंकलात तर पैसे मिळवा, त्या प्रकारावर. विकत घेऊन खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे गेमच्या स्पर्धा, त्या बंदीत येत नाहीत.

## भाच्याचा कागद

शेवटी मी भाच्याला सांगितलं, मशीनचं नाव काढू नकोस. एका कागदावर वर्षभरात खरोखर खेळणार असलेले पाच गेम लिही आणि प्रत्येकासमोर कोणाबरोबर खेळणार ते लिही. त्याने लिहिले: व्हॅलोरंट, चौघे मित्र. काउंटर-स्ट्राइक, तेच चौघे. डोटा, त्यांतले दोघे. फुटबॉल, एकटा. जीटीए ६, एकटा.

तीन गेम पीसीचे आणि फुकटचे, चौथा कुठेही चालणारा, कॉलेजला लॅपटॉप लागणारच, आणि हॉलमधला टीव्ही संध्याकाळी सात ते साडेदहा आजीचा. पुढे काही बोलायची गरजच उरली नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकला तगडं कार्ड लागत नाही, त्यामुळे मधल्या दर्जाचा लॅपटॉप शोधतोय. दाजी दहा हजार वाढवायला तयार झालेत. वॅट विचारायचं काम ताईने स्वतःकडे घेतलंय.

राहता राहिला जीटीए. त्यासाठी भाचा गेले पंधरा दिवस वर्गातल्या एकाला, तू कन्सोलच घे, पीसीत काही अर्थ नाही, असं पटवतोय.